जावात तारीख-वेळेचं गणित: कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

कर्ज दिलं ३१ जानेवारी २०२६ ला, हप्ता दरमहा. प्रोग्रॅमने तारखा काढल्या: २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल. एरर नाही, टेस्टही पास. तरी वेळापत्रक चुकलं, कारण करारात 'दर महिन्याची ३१, नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस' असं लिहिलेलं असतं आणि मार्चला ३१ तारीख आहे. तारखांच्या गणितातल्या बहुतेक चुका याच जातीच्या. प्रोग्रॅम कोसळत नाही, उत्तर फक्त एका तासाने, एका दिवसाने किंवा तीन दिवसांनी चुकतं आणि कोणीतरी तक्रार घेऊन येईपर्यंत कळत नाही.

खाली दिलेला क्रम जावा ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. क्लास आणि मेथडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच त्यांचं मूळ स्पेलिंग वापरा.

## तयारी: कोड उघडण्याआधी

आधी प्रश्न साध्या मराठी वाक्यात कागदावर लिहा. 'पुढच्या महिन्यात' हे वाक्य पुरेसं नाही. 'पुढच्या महिन्याची तीच तारीख, ती नसेल तर शेवटचा दिवस' हे पुरेसं आहे. 'तीस दिवसांत' लिहिलं असेल तर पहिला दिवस धरायचा की नाही, हे ज्याने काम सांगितलं त्यालाच विचारा. याचं उत्तर जावाकडे नाही, तुमच्याकडेही नाही.

दुसरी तयारी म्हणजे जुने क्लास बाजूला काढणं. डेट, कॅलेंडर आणि सिंपलडेटफॉरमॅट यांच्यावर नवीन गणित रचू नका. कॅलेंडरमध्ये जानेवारीचा क्रमांक शून्य असतो. सिंपलडेटफॉरमॅटचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडनी (प्रोग्रॅममधल्या समांतर कामांनी) एकाच वेळी वापरला तर तो गुपचूप भलत्याच तारखा देतो. जुन्या लायब्ररीकडून डेट येत असेल तर सीमेवरच टू-इन्स्टंट करून नव्या प्रकारात आणा.

सावधान: डेटाबेसकडून येणारा एसक्यूएल पॅकेजमधला डेट हा वेगळा क्लास आहे. त्याच्यावर टू-इन्स्टंट चालवलं की सरळ एक्सेप्शन येतं. तिथे टू-लोकलडेट वापरायचं.

## १. प्रकार निवडा

निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

ज्या गोष्टीला फक्त तारीख आहे, तिला लोकलडेट. जन्मतारीख, हप्त्याची देय तारीख, रजेचा दिवस, सगळं यात येतं. जन्मतारखेला रात्री बारा वाजताची वेळ चिकटवून लोकलडेटटाइममध्ये किंवा इन्स्टंटमध्ये ठेवणारे पुष्कळ भेटतात. मग एखाद्या दिवशी टाइम झोन (कुठल्या प्रदेशाची वेळ धरायची ते) बदलतो आणि माणसाचा वाढदिवस एक दिवस आधी येतो.

जी घटना घडून गेली आहे, तिच्यासाठी इन्स्टंट. पैसे जमा झाले, लॉगिन झालं, ऑर्डर आली. जगात कुठूनही पाहिलं तरी तो क्षण एकच असतो.

जे पुढे, एखाद्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे घडायचं आहे, त्यासाठी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवा, म्हणजेच झोन्डडेटटाइम. न्यूयॉर्कमध्ये पुढच्या वर्षी सकाळी नऊ वाजता ठरलेली भेट आजच यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून साठवली आणि मधल्या काळात तिथला नियम बदलला, तर भेट आठला किंवा दहाला जाऊन बसते.

लोकलडेटटाइमच्या नावात 'लोकल' असलं तरी कुठलं लोकल, हे त्याला ठाऊक नसतं. दुकान सकाळी दहाला उघडतं, एवढं सांगायला तो चालतो. दोन शहरांमधलं अंतर वेळेत मोजायला चालत नाही. जुलैमध्ये मुंबईहून दुपारी १ ला निघालेलं विमान लंडनला तिथल्या संध्याकाळी ६ ला उतरलं, तर दोन लोकलडेटटाइममधला ड्युरेशन (वेळेचं अंतर) ५ तास येतो. प्रवास असतो साडेनऊ तासांचा.

तपासा: प्रत्येक फील्डसाठी विचारा, 'हे मूल्य पुण्यातून आणि शिकागोतून पाहिलं तर सारखंच दिसायला हवं का?' तारीख सारखीच दिसायला हवी असेल तर लोकलडेट. क्षण सारखा, पण घड्याळ वेगळं दिसायला हवं असेल तर इन्स्टंट.

## २. झोन उघडपणे द्या

लोकलडेट डॉट नाऊ असं रिकाम्या कंसाने लिहिलं की जावा ज्या मशीनवर चालतोय तिचा झोन उचलतो. तुमच्या लॅपटॉपवर तो भारताचा असतो, क्लाउडवरच्या सर्व्हरवर बहुधा यूटीसी. मग भारतात रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरची 'आज' म्हणजे आपली 'काल' असते. दिवसा ही चूक कधीच दिसत नाही. मध्यरात्री चालणाऱ्या व्याज-आकारणीच्या जॉबमध्ये ती रोज होते.

झोनआयडी भारत = झोनआयडी.ऑफ("एशिया/कोलकाता");
लोकलडेट आज = लोकलडेट.नाऊ(भारत);

'आयएसटी' हे तीन अक्षरी नाव वापरू नका. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही ते वापरतात. जुन्या टाइमझोन क्लासला अनोळखी नाव दिलं तर तो तक्रार न करता जीएमटी परत देतो, म्हणजे स्पेलिंगची एक चूक साडेपाच तासांना पडते. झोनआयडी निदान एक्सेप्शन तरी टाकतो.

नुसता अधिक साडेपाच तासांचा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) दिला तर भारतापुरतं आज भागतं. (दुसऱ्या महायुद्धात काही काळ आपली घड्याळं आणखी एक तास पुढे होती. तो इतिहास झोनच्या नावात साठवलेला आहे, ऑफसेटमध्ये नाही.) पण डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणं) असलेल्या देशासाठी ऑफसेट वर्षातले काही महिने चुकीचाच असतो.

## ३. मजकुरातून तारीख वाचा

पॅटर्नमधली अक्षरं लहान-मोठी बघून लिहा. स्मॉल एम म्हणजे मिनिटं, कॅपिटल एम म्हणजे महिना. कॅपिटल एच म्हणजे २४ तासांचं घड्याळ, स्मॉल एच म्हणजे १२ तासांचं, आणि त्यासोबत एएम-पीएमचं अक्षर लागतंच.

आता एक न दिसणारी चूक. दिवस-महिना-वर्ष असा साधा पॅटर्न देऊन '३१-०४-२०२६' वाचायला सांगा. एरर येत नाही, ३० एप्रिल मिळतो. फॉरमॅटर (पॅटर्नप्रमाणे तारीख वाचणारा-लिहिणारा क्लास) मुळात 'स्मार्ट' पद्धतीने चालतो आणि ३१ पर्यंतची तारीख त्या महिन्यात नसेल तर ती शेवटच्या दिवसावर आणून ठेवतो. फॉर्म भरणाऱ्याची चूक अशी परस्पर दुरुस्त होणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून रिझॉल्व्हरस्टाइल 'स्ट्रिक्ट' लावा.

सावधान: स्ट्रिक्ट लावल्यावर वर्षासाठी स्मॉल वाय चालत नाही, कारण त्याला इसवी सनाचं युगही सांगावं लागतं. तिथे स्मॉल यू चार वेळा लिहा. स्ट्रिक्ट लावल्यावर बरोबर तारखाही नाकारल्या जायला लागल्या आणि म्हणून ते काढूनच टाकलं, असं करणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते.

दोन अंकी वर्ष आलं तर जावा ते २००० ते २०९९ मध्ये धरतो. '१५/०८/६५' ही आजोबांची जन्मतारीख २०६५ ची होते. शक्य असेल तिथे दोन अंकी वर्ष स्वीकारूच नका.

## ४. बेरीज-वजाबाकी

पहिली गोष्ट: हे ऑब्जेक्ट बदलत नाहीत.

देय.प्लसडेज(७);

ही ओळ काहीच करत नाही. तिने नवा ऑब्जेक्ट तयार केला आणि तो कोणी धरला नाही. कंपायलर गप्प बसतो. बरोबर ओळ अशी:

देय = देय.प्लसडेज(७);

दुसरी गोष्ट: दिवस मिळवणं नेहमी उलटवता येतं, महिना मिळवणं नाही. ३१ मार्चमधून एक महिना वजा केला तर २८ फेब्रुवारी, त्यात पुन्हा एक महिना मिळवला तर २८ मार्च. तीन दिवस हरवले. हा जावाचा दोष नाही, महिनेच असमान आहेत.

सुरुवातीचं हप्त्यांचं वेळापत्रक इथेच बिघडलं. लूपमध्ये मागच्या हप्त्यावर एक महिना चढवत गेलं की फेब्रुवारीत कापली गेलेली तारीख पुढे कायम कापलेलीच राहते. प्रत्येक हप्ता मूळ तारखेवरून काढा:

लोकलडेट हप्ता = कर्जतारीख.प्लसमंथ्स(क्रमांक);

क्रमांक १, २, ३, ४ दिला की २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे.

सुट्ट्या आल्या की प्रकरण आणखी चिघळतं. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. २८ फेब्रुवारी २०२६ हा नेमका चौथा शनिवार, त्यामुळे भरणा सोमवार, २ मार्चवर जातो. आता या सरकवलेल्या तारखेत एक महिना मिळवून पाहा: २ एप्रिल. मार्चचा हप्ता अख्खा गायब. म्हणून आधी मूळ तारखेवरून करारातली देय तारीख, मग सुट्टी पाहून भरण्याची तारीख, असा क्रम ठेवा. दोन्ही वेगळ्या व्हेरिएबलमध्ये आणि डेटाबेसमध्येही वेगळ्या कॉलममध्ये हव्यात. सरकवलेली तारीख पुढच्या कुठल्याही गणितात घ्यायची नाही.

चौथा शनिवार ओळखायला स्वतः सात-सातच्या उड्या मारू नका. टेम्पोरलॲडजस्टर्समध्ये डे-ऑफ-वीक-इन-मंथ आहे, त्याला ४ आणि सॅटरडे द्या. महिन्याचा शेवटचा दिवस लास्ट-डे-ऑफ-मंथ देतो, ३०-३१ चे तक्ते लिहायची गरज नाही.

या ॲडजस्टर्सचा चांगला उपयोग बघायचा तर सरकारी निवृत्तीची तारीख काढा. महाराष्ट्र शासनाच्या नियमानुसार बहुतेक पदांवरचा कर्मचारी वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण करतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर मात्र आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. बरेच जण ५८ वर्षं मिळवून महिन्याचा शेवट घेतात आणि १ तारखेसाठी वेगळा इफ लावतात. त्याची गरज नाही:

जन्म.प्लसइयर्स(५८).मायनसडेज(१).विथ(लास्ट-डे-ऑफ-मंथ)

१ जून १९७० चा जन्म असेल तर १ जून २०२८, त्याच्या आदला दिवस ३१ मे, महिन्याचा शेवटही ३१ मे. २ जूनचा जन्म असेल तर ३० जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली एक पिढी आपल्याकडे आहे, त्यामुळे ही कड क्वचित येणारी समजू नका.

सावधान: या साखळीत क्रम बदलला की उत्तर बदलतं. आधी महिन्याचा शेवट आणि नंतर एक दिवस वजा केला तर २९ जून येईल.

## ५. दोन तारखांमधलं अंतर

१ जानेवारी २०२६ ते ५ मार्च २०२६ मध्ये किती दिवस? पीरियड डॉट बिटवीन करून गेट-डेज विचारलं तर उत्तर येतं ४. पीरियडने अंतर '२ महिने ४ दिवस' असं साठवलंय आणि तुम्ही त्यातला फक्त दिवसांचा कप्पा उघडलात. एकूण दिवस हवे असतील तर:

लाँग दिवस = क्रोनोयुनिट.डेज.बिटवीन(पहिली, दुसरी);

उत्तर ६३. यात पहिला दिवस धरला जातो, शेवटचा नाही. रजा ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत असेल तर हे ४ सांगेल, रजेच्या खात्यात ५ पडायला हव्यात. तिथे एक मिळवा आणि शेजारी टिप्पणी लिहा, नाहीतर पुढचा माणूस तो 'अधिक १' चूक समजून काढून टाकेल.

वयासाठी क्रोनोयुनिटचं इयर्स वापरा. दिवसांना ३६५ ने भागणारा कोड अजून दिसतो. वाढदिवसाच्या आधीच्या काही दिवसांत तो प्रत्येकाचं वय एकाने जास्त सांगतो.

महिन्यांच्या अंतराचा आणि बेरजेचा मेळ बसेलच असं नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी, पण त्या दोन तारखांमधले पूर्ण महिने विचारले तर शून्य. त्यामुळे 'किती हप्ते झाले' हे तारखांच्या अंतरावरून काढू नका, हप्त्यांच्या यादीतून मोजा.

वेळेचं अंतर ड्युरेशन देतो. त्याला दोन लोकलडेट दिल्या तर एक्सेप्शन येतं, कारण त्यांच्याकडे सेकंदच नाहीत. रात्रपाळीत वेगळाच घोटाळा होतो: २२:०० ते ०६:०० हे दोन लोकलटाइम दिले तर उत्तर उणे १६ तास. लोकलटाइमला दिवस उलटतो हे माहीत नाही. हजेरीला तारीख जोडा, सुटण्याची वेळ लागण्याच्या वेळेनंतरची नसेल तर तिच्यात एक दिवस मिळवा, मग मोजा.

तपासा: टू-अवर्स अपूर्णांक टाकून देतो. दीड तासाचा १ तास होतो. ओव्हरटाइमचे पैसे काढताना मिनिटांत मोजा आणि शेवटी एकदाच तासांत बदला.

## ६. घड्याळ मागेपुढे होतं तेव्हा

भारतात डेलाइट सेव्हिंग नाही, म्हणून आपल्याकडच्या टेस्टमध्ये हे कधी सापडत नाही. पुण्यात रोज संध्याकाळी ७ ला ठरलेला कॉल न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेआठला असतो. तिथली वेळ हवी तर विथ-झोन-सेम-इन्स्टंट वापरा. त्याच्या शेजारचं विथ-झोन-सेम-लोकल क्षणच बदलतं. पुण्याचे ७ घेऊन ते न्यू जर्सीचे ७ करतं.

'एक दिवस' आणि '२४ तास' यांतला फरकही इथेच दिसतो. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटे २ वाजता घड्याळ थेट ३ वर जातं. ७ मार्चच्या रात्री ८ मध्ये प्लसडेज १ केलं तर ८ मार्चचे रात्री ८, प्लसअवर्स २४ केलं तर रात्री ९. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. रोजच्या औषधाची आठवण असेल तर पहिलं, २४ तासांनी संपणारा पास असेल तर दुसरं. ड्युरेशन डॉट ऑफ-डेज १ हे नावाने दिवस वाटलं तरी हिशेबाने २४ तास असतं.

त्या दिवशी २:३० ही वेळच नसते. जावा तिला ३:३० करतो. ७ मार्चच्या २:३० वर रोज एक दिवस चढवत गेलात तर ८ तारखेला ३:३० आणि ९ पासून पुढेही ३:३० च राहील. उपाय हप्त्यांचाच: प्रत्येक दिवस मूळ वेळेवरून काढा. १ नोव्हेंबर २०२६ ला उलट होतं, १:३० दोनदा येते. जावा पहिली धरतो, दुसरी हवी असेल तर विथ-लेटर-ऑफसेट-ॲट-ओव्हरलॅप.

## ७. दाखवा, पण सगळ्यात शेवटी

गणित पूर्ण होईपर्यंत तारखेची स्ट्रिंग करू नका. स्ट्रिंगची तुलना केली तर '०२/१२/२०२५' ही '१०/०१/२०२५' च्या आधी लागते.

वर्षासाठी कॅपिटल वाय चार वेळा लिहिलं तर ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ३१ डिसेंबर २०२६ अशी छापली जाते. कॅपिटल वाय हे आठवड्यावर आधारलेलं वर्ष आहे आणि तो आठवडा पुढच्या वर्षाचा पहिला धरला जातो. वर्षभर सगळं नीट चालतं, डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पावत्या भविष्यातल्या निघतात.

मराठी महिने हवे असतील तर फॉरमॅटरला मराठीचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) द्या, 'जून', 'जुलै' येतात. अंक मात्र इंग्रजीच राहतात. त्यांच्यासाठी डेसिमलस्टाइलचं विथ-झिरो-डिजिट घेऊन त्यात देवनागरी शून्य द्यावं लागतं.

## ८. टेस्ट: 'आज' बाहेरून द्या

मेथडच्या आत नाऊ लिहिलं की ती मेथड फक्त आजच्या तारखेला तपासता येते. त्याऐवजी क्लॉक बाहेरून द्या. खऱ्या कामात क्लॉक डॉट सिस्टिम, टेस्टमध्ये क्लॉक डॉट फिक्स्ड. मग कुठलाही दिवस 'आज' करता येतो.

निदान या दिवसांवर चालवून बघा: ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी २०२४, बिगर-लीप वर्षातली २८ फेब्रुवारी आणि १ मार्च, आर्थिक वर्षासाठी ३१ मार्च आणि १ एप्रिल, ३१ डिसेंबर २०२५, आणि भारतीय वेळेनुसार रात्रीचा १ वाजलेला असताना कुठलाही दिवस. परदेशी ग्राहक असतील तर न्यूयॉर्कसाठी वरच्या दोन तारखा आणि लंडनसाठी २९ मार्च व २५ ऑक्टोबर २०२६. सगळ्या टेस्ट एकदा मशीनचा झोन यूटीसी ठेवून आणि एकदा भारताचा ठेवून चालवा. उत्तरं वेगळी आली तर कुठेतरी रिकाम्या कंसाचा नाऊ राहिलाय.

शेवटी सर्व्हरवरचा जेडीके (जावाचं मूळ इन्स्टॉलेशन) कधीचा आहे ते बघा. झोनचे नियम जेडीकेच्या आत भरलेले असतात आणि देश ते बदलत राहतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातलं डेलाइट सेव्हिंग बंद केलं. त्याआधीचा जेडीके अपडेट न करता चालवणारा सर्व्हर आजही उन्हाळ्यात मेक्सिको सिटीची वेळ एक तास पुढे दाखवतो, कोड कितीही बरोबर असला तरी.